नोकरीची मुलाखत आणि सिल्वासाचा उमेदवार

केंद्र सरकारच्या सेवेतील गट ‘क’ची पदे आणि गट ‘ब’मधील अराजपत्रित पदे भरताना घेतली जाणारी मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून बंद झाली. कनिष्ठ पदांसाठी पाच-दहा मिनिटांच्या मुलाखतीतून माणसाची पारख होत नाही, मात्र वशिल्याला आणि पैशाला वाट मिळते, हा विचार पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात मांडला होता आणि त्यानंतर काही महिन्यांतच तो अमलात आला. ऑक्टोबर २०२० पर्यंत २३ राज्यांनी आणि आठही केंद्रशासित प्रदेशांनी हाच मार्ग स्वीकारल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले, आणि त्या आठांमध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा प्रदेशही होता. त्यामुळे या प्रदेशातील सिल्वासा, वासोणा किंवा खानवेल येथील ज्या तरुणाला सरकारी कार्यालयात कारकून किंवा तत्सम पदावर लागायचे आहे, त्याची निवड लेखी परीक्षेवर ठरते, आणि टंकलेखनासारखी कौशल्य चाचणी असलीच तर ती केवळ पात्रतेपुरती असते. मुलाखत नाहीशी झाली असे मात्र नाही, कारण राजपत्रित पदे, कंत्राटी पद्धतीने भरली जाणारी वैद्यकीय व शैक्षणिक पदे आणि मुख्यतः खासगी कारखाने येथे ती अजूनही निर्णायक आहे. सिल्वासाच्या परिसरात रोजगाराचा मोठा भाग कारखान्यांतूनच येत असल्याने, मुलाखत नेमके काय मोजते आणि तिची तयारी कशी करावी, हा प्रश्न येथील प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा ठरतो.

एक छोटा प्रदेश, अनेक भाषा

दादरा-नगर हवेलीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहान तालुक्याएवढे आहे. १९५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला आणि १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने भारतात विधिवत सामील झालेला हा प्रदेश त्या काळी जवळजवळ पूर्णपणे शेतीवर आणि जंगलावर जगत होता. सिल्वासाजवळ पिपरिया येथे १९६५ मध्ये सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या, आणि मागास भाग म्हणून मिळालेल्या करसवलती, वापीचे रेल्वे स्थानक व मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांची जवळीक यांमुळे प्लास्टिक, कृत्रिम धागा, कापड, तांब्याच्या तारा, विद्युत साहित्य आणि औषधे यांचे कारखाने येथे आले. काम शोधत उत्तर भारतातून, ओडिशातून आणि महाराष्ट्रातून पुरुष मोठ्या संख्येने येत राहिल्याने २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे केवळ ७७४ स्त्रियांची नोंद झाली. त्याच जनगणनेनुसार ३,४३,७०९ लोकसंख्येपैकी सुमारे ५२ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असून त्यांत वारली, कोकणा आणि धोडिया हे समाज प्रमुख आहेत.

या रचनेचा मुलाखतीशी थेट संबंध आहे. घरात वारली किंवा कोकणा बोली, शाळेत मराठी किंवा गुजराती माध्यम, कारखान्यात हिंदी आणि अर्जावर इंग्रजी, अशा चार भाषांमधून येथील उमेदवाराला वाट काढावी लागते, तर समोर बसलेला मनुष्यबळ अधिकारी बहुधा बाहेरच्या प्रांतातून आलेला असतो आणि त्याला उमेदवाराच्या गावाची, शाळेची किंवा बोलण्याच्या ढंगाची ओळख नसते. पालघर जिल्ह्याच्या तलासरी, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतून सिल्वासा-वापी पट्ट्यात काम शोधणाऱ्यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. घरातील पहिलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीच्या खोलीत शिरते, तेव्हा तिची गाठ प्रश्नांपूर्वी अनोळखी शिष्टाचाराशी पडते, आणि पुष्कळदा कामाची उत्तम जाण असलेला उमेदवार केवळ संकोचामुळे अपुरा वाटतो.

मुलाखत काय मोजते?

मुलाखत हे निवडीचे एक साधन आहे, आणि साधनाची अचूकता तपासता येते. मुलाखतीत मिळालेले गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कामगिरी यांचा मेळ किती बसतो, हे शून्य ते एक या मापावर सांगतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत मेळ. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या, म्हणजे संरचित मुलाखतीसाठी हा आकडा ०.५१ आणि ऐनवेळी सुचेल ते विचारणाऱ्या मोकळ्या मुलाखतीसाठी ०.३८ असा काढला. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या गणितातील काही दुरुस्त्या अवास्तव होत्या असे दाखवून हेच आकडे अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ वर आणले. याचा अर्थ असा, की गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीतून उमेदवाराच्या भावी कामाविषयी फारच थोडे कळते, आणि तेच प्रश्न सर्वांना विचारून उत्तरांना ठरलेल्या निकषांनी गुण दिले, तर ती बऱ्यापैकी भरवशाची होते.

मोकळी मुलाखत फसते याचे एक कारण एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच नोंदवले होते. लष्करी अधिकारी आपल्या हाताखालील माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांना वेगवेगळे गुण देत असले, तरी एका गुणाविषयी चांगले मत झाले की बाकीचे गुणही आपोआप वरचढ दिसू लागतात, असे त्यांना आढळले, आणि या प्रवृत्तीला त्यांनी प्रभावळीचे नाव दिले. सफाईदार इंग्रजी बोलणारा उमेदवार यंत्रावरही हुशार असणार, असे परीक्षकाला वाटते ते याच प्रभावळीमुळे, आणि अडखळत बोलणाऱ्याच्या वाट्याला तिची उलटी बाजू येते.

भारतीय न्यायालयांनीही या साधनाच्या मर्यादा ओळखल्या आहेत. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये असे म्हटले, की तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीपणाचे ठरेल. त्या प्रकरणात तोंडी परीक्षेचा वाटा एक तृतीयांश होता आणि प्रत्येक उमेदवाराची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेल्याची तक्रार होती. हरियाणाच्या नागरी सेवेविषयीच्या १९८५ च्या अशोक कुमार यादव खटल्यात ही मर्यादा १२.२ टक्क्यांवर आणली गेली. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज २०२५ गुणांपैकी २७५, म्हणजे सुमारे १३.६ टक्के गुण मुलाखतीला आहेत. खासगी कारखान्यात मात्र असे कोणतेही बंधन नसते, आणि तेथे संपूर्ण निर्णय वीस मिनिटांच्या बोलण्यावर ठरू शकतो. म्हणूनच, परीक्षकाने सरळ अंदाजाने ठरवू नये यासाठी उमेदवाराने त्याच्यापुढे तपासता येतील असे पुरावे ठेवले पाहिजेत, आणि यशस्वी तयारीचा सारा गाभा एवढाच आहे.

पुराव्याची जुळवाजुळव

तयारीची सुरुवात जाहिरात नीट वाचण्यापासून होते. पदाचे नाव, पात्रता, अनुभव आणि कामाचे वर्णन यांतील प्रत्येक अपेक्षेसमोर आपल्या शिक्षणातील किंवा कामातील एक घटना लिहून काढली, तर आपल्याकडे काय आहे आणि कोठे उणीव आहे हे स्पष्ट दिसते. ज्याने अजून नोकरी केलेली नाही त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते, हा समज चुकीचा आहे. आयटीआयमध्ये प्रात्यक्षिकात तयार केलेला जॉब, तंत्रनिकेतनातील प्रकल्प, शिकाऊ उमेदवारी, घरच्या भातशेतीतील पंपाची दुरुस्ती, गावातील दूध संकलनाचा हिशेब, यांतील काहीही पुरावा होऊ शकते, फक्त ते नेमके सांगता आले पाहिजे.

दुसरा टप्पा म्हणजे कारखान्याचे काम समजून घेणे. सिल्वासाच्या परिसरातील अनेक कारखान्यांत पॉलिएस्टरच्या अर्धवट ताणलेल्या धाग्याला उष्णता, ताण आणि पीळ देऊन तो फुगीर व लवचीक बनवतात. या प्रक्रियेला टेक्सचरायझिंग म्हणतात. हा धागा किती जाड आहे हे डेनियर या मापाने सांगतात आणि ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनियर होय. यंत्रावरच्या एखाद्या हीटरचे तापमान इतरांपेक्षा वेगळे राहिले, तर तेथील धागा रंग कमी-जास्त शोषतो आणि कापड रंगवल्यावर त्यावर पट्टे उमटतात. ऑपरेटरच्या पदासाठी गेलेल्या उमेदवाराला एवढे माहीत असले, तर ‘तापमानाची नोंद दर तासाला का घ्यायची’ या प्रश्नाला तो पाठ केलेले उत्तर देत नाही, कारण समजावून सांगतो. प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साचा पूर्ण न भरल्याने वस्तू अपुरी राहते तेव्हा दाब कमी आहे, वितळलेले प्लास्टिक पुरेसे तापलेले नाही की साच्यातील हवा बाहेर जात नाही, असा क्रमाने शोध घ्यावा लागतो, आणि परीक्षकाला बहुधा हा क्रमच ऐकायचा असतो.

आयटीआय किंवा पदविका झालेल्यांना मूलभूत प्रश्न हमखास विचारले जातात. सर्वसाधारण व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप ०.०२ मिलिमीटर आणि मायक्रोमीटरचे ०.०१ मिलिमीटर असते, हे फिटरला विचारतात. स्टार-डेल्टा स्टार्टर का वापरतात, हे विद्युत शाखेच्या उमेदवाराला विचारतात, आणि मोटार सुरू होताना वाहिनीतून ओढला जाणारा प्रवाह तो थेट जोडणीच्या एक तृतीयांशावर आणतो, हे त्याचे उत्तर आहे. उत्तर माहीत असणे पुरेसे नसते, कारण चांगला परीक्षक लगेच पुढे विचारतो की मग सुरुवातीचा बलघूर्ण, म्हणजे मोटारची फिरवण्याची ताकद, कमी होते त्याचे काय. ती ताकदही एक तृतीयांशावर येते आणि म्हणून जड भार लावलेल्या यंत्राला ही पद्धत चालत नाही, असे ज्याला सांगता येते, त्याने विषय समजून घेतला आहे हे सिद्ध होते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात उरकता येतो. बायोडाटा एक-दोन पानांचा असावा, त्यातील प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो हे धरून तो लिहावा, तारखा प्रमाणपत्रांशी जुळाव्यात, आणि आधार, जातीचा दाखला, गुणपत्रिका, पूर्वीच्या कामाचे अनुभवपत्र यांच्या मूळ प्रती व छायाप्रती क्रमाने लावून न्याव्यात. मूळ प्रती तपासून लगेच परत घ्याव्यात. कोणी त्या ठेवून घेण्याचा आग्रह धरला, तर ती धोक्याची खूण समजावी.

खोलीतील बोलणे

‘स्वतःविषयी सांगा’ या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय आणि छंद अशा क्रमाने देण्याची सवय शाळेतून लागलेली असते, परंतु परीक्षकाला त्यातून शिक्षण, केलेले काम आणि या पदाशी असलेला त्याचा संबंध एवढेच हवे असते, आणि ते दीड-दोन मिनिटांत सांगता येते. पुढील प्रश्न दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पूर्वी घडलेली घटना विचारतात, जसे सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केले. दुसऱ्यात काल्पनिक प्रसंग देतात, जसे रात्रपाळीत यंत्र बंद पडले आणि देखभाल विभागाचा माणूस जागेवर नसला तर काय कराल. दोन्हींसाठी प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम हा चार पायऱ्यांचा क्रम उपयोगी पडतो, कारण त्यामुळे उत्तर भरकटत नाही आणि ‘आम्ही केले’ या मोघम विधानाच्या जागी उमेदवाराचा स्वतःचा वाटा ठळक होतो. काल्पनिक प्रसंगात यंत्राचा प्रश्न आला की आधी वीजपुरवठा तोडणे, कुलूप व सूचनापट्टी लावणे, मगच हात घालणे हा सुरक्षेचा क्रम सांगितलाच पाहिजे. उत्पादन थांबू नये म्हणून चालू यंत्रात हात घालण्याची तयारी दाखवणारा उमेदवार धाडसी नसून धोकादायक समजला जातो.

भाषेविषयी सर्वाधिक भीती असते. कारखान्यातील व्यवहार बहुधा हिंदीत चालत असल्याने, इंग्रजीत सुचेनासे झाले तर परवानगी विचारून हिंदीत किंवा मराठीत उत्तर देणे अडखळत गप्प राहण्यापेक्षा पुष्कळ चांगले असते, मात्र यंत्रांची, दोषांची आणि मापांची प्रचलित इंग्रजी नावे माहीत असावीत, कारण नोंदवही त्याच शब्दांत भरावी लागते. उत्तर येत नसेल तर तसे सरळ सांगून, ते शोधण्यासाठी काय कराल हे सांगावे. शिक्षणात खंड पडला असेल, शेतीच्या हंगामासाठी काम सोडले असेल, तर कारण लपवल्याने संशय वाढतो आणि साध्या शब्दांत सांगितल्याने विषय तेथेच संपतो. ही तयारी वाचून होत नाही. मोठ्याने बोलून, मित्राला प्रश्न विचारायला लावून आणि मोबाइलवर आपले उत्तर ध्वनिमुद्रित करून ऐकल्यानेच ती पक्की होते.

उमेदवाराने विचारायचे प्रश्न

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे शेवटी विचारले जाते, तेव्हा बहुतेक उमेदवार ‘नाही’ म्हणून उठतात, आणि नेमकी येथेच नुकसानीची सुरुवात होते. नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची, हा पहिला प्रश्न असावा, कारण पगार, बढती आणि कामाची शाश्वती यांवर त्याचा परिणाम होतो. पाळ्या कशा बदलतात, जादा वेळेचा मोबदला कसा मिळतो, कंपनीची बस कोणत्या गावापर्यंत येते, हे विचारण्यात गैर काही नाही; दुधनीसारख्या दूरच्या गावातील माणसाला रात्रपाळी परवडेल की नाही, हे त्या बसवरच अवलंबून असते.

पगाराचा आकडा नीट समजून घ्यावा. कंपनीला एका कामगारावर होणारा एकूण खर्च, ज्याला बोलीभाषेत सीटीसी म्हणतात, आणि हातात येणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. उदाहरणादाखल, भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा या दोन्हींसाठी धरले जाणारे वेतन महिना १५,००० रुपये मानले, तर कामगाराच्या वेतनातून निधीसाठी १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये आणि विम्यासाठी ०.७५ टक्के म्हणजे ११२.५० रुपये कापले जाऊन हातात १३,०८७.५० रुपये येतात. मालक निधीत आणखी १,८०० आणि विम्यात ३.२५ टक्क्यांनी ४८७.५० रुपये भरत असल्याने त्याचा खर्च १७,२८७.५० रुपये होतो. एकाच नोकरीचे हे दोन आकडे ४,२०० रुपयांनी वेगळे असून, मुलाखतीत सांगितलेला आकडा यांपैकी कोणता, हे विचारल्याशिवाय दोन नोकऱ्यांची तुलनाच करता येत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, ती निधीत साठते आणि आजारपणात विम्याच्या रूपाने उपयोगी पडते, हेही लक्षात घ्यावे; म्हणूनच ‘कपात नको, सगळा पगार रोख घ्या’ हा प्रस्ताव वरवर आकर्षक दिसला तरी तोट्याचा असतो. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने मालकावर घातले आहे, त्यामुळे ते मागणे हा उद्धटपणा नाही. नोकरी देण्यासाठी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा ‘फाइल चार्ज’ मागणारा मध्यस्थ मात्र टाळावा.

स्त्री उमेदवारांना लग्न केव्हा करणार, मुले किती, असे प्रश्न अजूनही विचारले जातात. भरतीत स्त्री म्हणून डावलण्यास १९७६ च्या समान मोबदला कायद्याने मनाई केली आणि २०१९ च्या वेतनसंहितेने ती कायम ठेवली. व्यवहारात वाद घालणे प्रत्येकीला शक्य नसते, तेव्हा ‘पाळीच्या वेळा मला जमतील आणि कामावर परिणाम होणार नाही’ असे सांगून संभाषण पुन्हा कामाकडे वळवता येते, परंतु असा प्रश्न विचारण्यात चूक परीक्षकाची आहे, हे तिने मनात पक्के धरावे.

संस्थांची जबाबदारी

उमेदवाराच्या प्रयत्नांना स्थानिक संस्थांची जोड मिळाली, तर त्याची कामाची जाण आणि मुलाखतीत पडणारी छाप यांतील अंतर झपाट्याने कमी होऊ शकते. सिल्वासाचे आयटीआय, करड येथील शासकीय तंत्रनिकेतन आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेले सायलीचे एसएसआर महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी शेवटच्या वर्षात सराव मुलाखती हा अभ्यासक्रमाइतकाच नियमित भाग व्हायला हवा, आणि त्या घेण्यासाठी शिक्षकांबरोबरच पाळीप्रमुख व देखभाल अभियंते यांनाही बोलवायला हवे, कारण खरे प्रश्न तेच विचारतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मिळणारी संधी तर मुलाखतीपेक्षाही मोलाची आहे. वर्षभर काम करताना पाहिलेल्या मुलाविषयी कारखान्याला अंदाज बांधावा लागत नाही.

मुलाखत अधिक नेमकी करणे कारखान्यांच्या दृष्टीनेही हिताचे आहे. सर्वांना तेच प्रश्न विचारणे, उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांनी गुण देणे, शक्य तेथे प्रत्यक्ष यंत्रावर किंवा मापनसाधनावर छोटी चाचणी घेणे आणि उमेदवाराला त्याच्या सोयीच्या भाषेत बोलू देणे, या चार गोष्टींना फारसा खर्च येत नाही. चुकीच्या माणसाची निवड होऊन तो दोन महिन्यांत काम सोडून गेला, तर पुन्हा भरती, पुन्हा प्रशिक्षण आणि मधल्या काळातील वाया गेलेले उत्पादन यांचा भार मालकावरच पडतो, आणि वासोण्याच्या किंवा मांदोनीच्या कुशल मुलाला केवळ बोलीवरून नाकारल्याचा तोटाही त्यालाच सोसावा लागतो. मुलाखतीला कामाच्या मोजणीचे स्वरूप द्यायचे असेल, तर उमेदवाराने पुरावा घेऊन आले पाहिजे आणि परीक्षकाने तो मागितला पाहिजे. या दोहोंपैकी एकानेच आपले काम केले, तर निवड पूर्वीसारखीच नशिबावर राहील.